कुंकू परत लावलेली बाई

मला अक्षरं बाबांनी शिकवली, पण पाटीवर नाही. ते मोहोपाड्याला रसायनांच्या एका कारखान्यात कामाला होते आणि युनियनचे सगळे फलक त्यांच्याच हातचे असायचे. पुढच्या खोलीत पांढरी चादर ताणून बांधलेली असायची. मी तिच्याखाली सरपटत जायचे आणि कापडातून झिरपलेला लाल रंग मागच्या बाजूने वाचायचे. त्यामुळे सुलट अक्षरांआधी मला उलटी अक्षरं यायला लागली. शाळेतल्या बाई म्हणाल्या, हिचं काहीतरी बिघडलंय. बाबा म्हणाले, बिघडलं नाही, ही मोर्चाच्या आतून वाचते.

माझ्या वह्यांची कव्हरं उरलेल्या पत्रकांची असायची. चौथीत ‘माझा आवडता सण’ या निबंधाच्या शेवटी मी लिहिलं होतं, ‘तरी सर्वांनी मोठ्या संख्येने सामील व्हावे.’ तो निबंध शिक्षकांच्या खोलीत बरेच दिवस फिरला.

मी आठवीत असताना कारखान्यात वायू गळला. रात्रपाळीतली माणसं दवाखान्यात गेली, त्यातला एक आमच्या चाळीतला होता, तो परत आला नाही. गेटवर कंपनीची नोटीस लागली, ‘दुर्दैवी घटना’. बाबा घरी आले, चप्पल न काढता पत्रक लिहायला बसले. आई म्हणाली, आधी जेवा. ते म्हणाले, “दुर्दैवी म्हणे. दैवाने येऊन व्हॉल्व उघडा ठेवला काय?” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “पोरी, लक्षात ठेव. कुणी केलं ते लिहायचं. ते लिहायचं नसेल तर कागद वाया घालवू नये.”

मी लक्षात ठेवलं. पुढे मी लिहायला लागले, ते या एका वाक्यावर.

पॅलेस्टाईनही माझ्याकडे पलंगाच्या मागून आलं. तिथे एक प्लायवूडचा फलक उभा होता, माझ्या जन्माआधीचा, बाबांनी कुठल्याशा मोर्चासाठी रंगवलेला. वर ठसठशीत अक्षरांत ‘पॅलेस्टाईनच्या जनतेला पाठिंबा’ आणि खाली एक झाड. लहानपणी मी विचारलं, हे कसलं झाड?

“ऑलिव्हचं.”

“तुम्ही बघितलंय?”

“नाय. जांभळासारखं असावं.”

म्हणून त्या ऑलिव्हला जांभळं लागली होती, घोसच्या घोस. पुढे कळलं की ऑलिव्हचं झाड तसं दिसत नाही, तेव्हा मी खूप हसले. बाबाही हसले. म्हणाले, झाड चुकलं, बाजू नाय चुकली.

हे सगळं आधी सांगितलं, कारण याच माणसाने मला फसवलं. ते कुणा परक्याने केलं असतं तर मी एक पत्रक काढून मोकळी झाले असते.

बाबा आता निवृत्त आहेत. युनियन कधीच संपली. ते मोहोपाड्याच्या एका छोट्या वाचनालयाचे अध्यक्ष आहेत, आणि ते वाचनालय दर दिवाळीला शाळेच्या हॉलमध्ये रांगोळ्यांचं प्रदर्शन भरवतं. दारातल्या ठिपक्यांच्या रांगोळ्या नव्हेत. जमिनीवर खाटेएवढी चित्रं, चहाच्या गाळणीने रंग चाळत, चिमटीने सावल्या भरत काढलेली. शिवाजी महाराज असतात, सावित्रीबाई असतात, क्रिकेटवाले असतात, गालावर थेंब ओघळणारी एखादी लहान मुलगी दर वर्षी असतेच. पंखे बंद करून, तोंडाला रुमाल बांधून काढणारे घामाघूम होतात. चार दिवस लोक दोरीपलीकडून बघतात. मग सगळं झाडूने गोळा करून पाताळगंगा नदीत सोडतात.

या वर्षी मी माझ्या दहिवलीच्या मैत्रिणीला घेऊन आले. ती पोटापाण्यासाठी कर्जतच्या फार्महाउसांवरच्या लग्नांत दारापुढे मोर, कलश आणि लक्ष्म्या काढते. गाझाचे व्हिडिओ आम्ही दोघी तिच्या ओट्यावर बसून बघत आलो होतो, महिन्यामागून महिने. एकदा तिने फोन उलटा ठेवला आणि म्हणाली, “बघून बघून डोळे मेले गं माझे. हातानं काय तरी करू.” त्यातून ठरलं. एक बाई, तिच्या मांडीवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं मूल, मागे पडलेलं घर, स्लॅबमधून बाहेर आलेल्या वाकड्या सळया.

मी तिला फोटो दाखवले. तिने एकही घेतला नाही. “या बायांना इचारलं नाय ना आपण. मी माझ्या मनातली काढते.”

मनातली काढली म्हणून चेहरा तिच्या आत्यासारखा आला. आणि कपाळ भरून झालं तसा तिचा हात लाल रंगाच्या वाटीकडे गेला, आणि मी काही बोलायच्या आत कुंकू लागलं होतं. बरोबर मधोमध, गोल.

“आई शप्पथ!” ती स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाली. “हात गेला गं. लक्ष्म्या काढून काढून पाठ झालंय त्याला.”

“गाझात हळदीकुंकू,” मी म्हणाले. आम्ही दोघी जमिनीवर आडव्या होऊन हसलो, तोंड रुमालात दाबून, कारण जोराने हसलं तर रंग उडतो. मग तिने खाली वाकून हळूहळू फुंकर मारली. लाल उडालं, तरी कपाळावर थोडा गुलाबीपणा राहिला. “राहू दे,” ती म्हणाली, “लांबून नाय दिसत.”

चित्रापुढच्या पाटीचा मजकूर माझा होता: ‘गाझा. या बाईचं घर बॉम्ब टाकून पाडलं. टाकणाऱ्याला ठाऊक होतं की आत माणसं आहेत. आम्ही मोहोपाड्यातून तिच्या बाजूने उभे आहोत.’ अक्षर बाबांचं. त्यांनी मजकूर वाचला, मान हलवली आणि कुंचला हातात घेतला. कितीतरी वर्षांनी ते फलक लिहीत होते. त्यांची शिरोरेघ शेवटाला किंचित वर उचललेली असते, ती तशीच आली. मला वाटलं, आमचं घर परत सुरू झालं.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी वाचनालयाचे चिटणीस घरी आले. चहा ओतून घेताना म्हणाले, “अध्यक्ष, विषय जरा बाहेरचा होतोय.”

“बाहेरचा म्हणजे?”

“म्हणजे आपल्याकडे विषय काय कमी आहेत? पाणी आहे, मुली आहेत. कुणीतरी फोटो काढून वर पाठवलाय. मला फोन आला होता. शाळा म्हणते, हॉल आमचा आहे. उद्या पाहुणे यायचेत.”

“चित्र राहणार,” बाबा म्हणाले. एवढंच. कप खाली ठेवला तोही हळू. चिटणीस गेल्यावर मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला आठवीतली मी आठवली.

सकाळी ते मला म्हणाले, “तू कर्जतला जाऊन ये. पत्रकं छापून झाली असतील.” पत्रक म्हणजे चित्राबरोबर वाटायचं, मीच लिहिलेलं. मी आनंदाने गेले. येताना मिनीडोर रिक्षात गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या माणसाने विचारलं, लग्नाच्या पत्रिका काय? मी त्याला एक पत्रक दिलं. त्याने चौक गाव येईपर्यंत ते वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. एवढं एकच वाटलं गेलं.

हॉलमध्ये शिरले तेव्हा दुपार कलली होती. आधी पाटी दिसली. नवी पाटी. ‘दरडीखाली गेलेल्या आमच्या बांधवांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ शिरोरेघ शेवटाला किंचित वर उचललेली.

मग चित्र. सळया नव्हत्या. स्लॅब नव्हता. तिथे करड्या मातीचा उतार होता आणि त्यावर एक हिरवं झाड. बाईच्या कपाळावर कुंकू होतं, ठळक, दाट, पहिल्यापेक्षा मोठं.

काही पावसाळ्यांपूर्वी आमच्याच डोंगरात दरड आली आणि ठाकर आदिवासींची एक वाडी गाडली गेली. वाचलेल्यांना पायथ्याला घरं मिळाली. हे इथे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून पाटी बघणाऱ्याला काही समजावून सांगावं लागणार नव्हतं.

माझी मैत्रीण बाहेरच्या नळावर हात धूत होती. मला बघून हसली. “आलीस? झालं बघ. तुला हवं तसं झालं ना? कुंकू जरा मोठं घेतलं, काका म्हणाले लांबून दिसाय पायजे.”

“मला हवं तसं?”

तिचे हात तसेच नळाखाली राहिले. “काका म्हणाले, तुझ्याशी बोलणं झालंय. तू हो म्हणालीस. पत्रकं पण बदलून आणाय गेलीयेस म्हणाले.”

माझ्या हातात तो गठ्ठा होता.

बाबा व्हरांड्यात बाकावर बसून दोरीला गाठी मारत होते, चित्रांभोवती लावायच्या. मी समोर उभी राहिले तरी त्यांनी गाठ पूर्ण केली.

“हॉलला कुलूप लावणार होते,” ते म्हणाले. “बाकीच्या पोरींनी काय करायचं? त्यांची चित्रं आत अडकली असती.”

“मग त्यांना विचारायचं. मला सांगायचं.”

“तू ऐकली नसतीस.”

“म्हणून मला कर्जतला पाठवलंत?”

त्यांनी दोरीचं दुसरं टोक उचललं.

“आणि तिला सांगितलंत की मी हो म्हणाले.”

“चित्र वाचलं ना पण? पुसायला निघाले होते. मी म्हटलं, पुसू नका, नाव बदलू. आई आईच असते गं. दुःख ते दुःख.”

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकताना मला लाज वाटली. असली वाक्यं छापणाऱ्यांची ते माझ्यासमोर टिंगल करत आले होते. मी म्हणाले, “दैवाने येऊन व्हॉल्व उघडा ठेवला काय?”

दोरी त्यांच्या हातातून मांडीवर पडली. त्यांनी मैदानाकडे बघितलं. मग म्हणाले, “तेव्हा मागे वळलो की चारशे माणसं दिसायची. आता मागे पुस्तकांची दोन कपाटं आहेत. ती पण शाळेच्या जागेत.”

“आणि मी?”

“तू तर कर्जतला होतीस,” ते म्हणाले. बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते उठले आणि दोरी घेऊन आत गेले.

संध्याकाळी चिटणिसांनी जीप पाठवून त्या वाडीतल्या तीन बायकांना आणलं. दिवा त्यांच्या हातून लावायचा होता. पाहुणे खुर्चीत बसले होते, फोटोवाला उभा होता. बायकांतली थोरली पुढे आली. नवी, कडक साडी, हातात कुणीतरी दिलेली काडेपेटी. तिने खाली वाकून चित्र बघितलं. खूप वेळ बघितलं. मग दोरीशी उभ्या माझ्या मैत्रिणीला विचारलं, “कोन गं ही? आमच्या वाडीतली नाय वाटत.”

मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं. बाबा समोरच होते. त्यांनी मान अगदी थोडी हलवली. नको.

मी म्हणाले, “नाय मावशी. वाडीतली नाय. लय लांबची हाय. गाझा म्हणून मुलूख हाय, तिथली. तिच्या घरावर विमानातून बॉम्ब टाकला.”

“कुनी?”

त्या हॉलमध्ये हा प्रश्न तिने विचारला. मी बाबांकडे बघून उत्तर दिलं. “इस्रायलच्या सैन्याने.”

“मग ह्यो डोंगर?”

“आधी नव्हता. आज दुपारी काढला.”

चिटणीस पुढे आले. “मावशी, पाहुणे थांबलेत, दिवा लावून घ्या.”

“कुनासाठी लावू?”

चिटणिसांनी पाहुण्यांकडे बघितलं. ती परत चित्राकडे वळली. मांडीवरच्या पांढऱ्या कापडाकडे बघत म्हणाली, “हिला पोर गावलं तरी. आमचं गावलंच नाय.” मग तिने काडेपेटी चिटणिसांच्या हातात दिली. “आमच्या नावानं बोलावलं म्हून कामाला खाडा केला मी.”

मला वाटत होतं की ती माझ्याकडे बघेल तेव्हा तिच्या डोळ्यांत माझ्यासाठी काहीतरी असेल. माझ्याजवळून जाताना ती थांबली आणि मलाच म्हणाली, “तुमचं तुमी भांडा. आमची मेलेली मानसं कशापायी मधी घेता गं?” आणि तिघी पायरीवर जाऊन जीपची वाट बघत बसल्या.

हे मला बाबांच्या नावावर टाकता आलं असतं. मी टाकलंही, त्या रात्री. पण ती मला म्हणाली होती, आणि तिच्या दृष्टीने आम्ही दोघं एकाच घरातले होतो.

दिवा पाहुण्यांनीच लावला. फोटो निघाले. गावातल्या सगळ्या ग्रुपांवर ते चित्र रात्रीपर्यंत फिरलं, कुंकवासकट, खाली हात जोडलेल्या खुणा. बाबांच्या फोनवरही आलं. त्यांनी ते उघडलेलं मी बघितलं. बराच वेळ अंगठा काचेवर तसाच होता.

माझ्या मैत्रिणीने लोक पांगायची वाट बघितली. मग दोरी ओलांडून चित्रापाशी गुडघ्यांवर बसली आणि कपाळावर फुंकर मारली. कुंकू उडालं नाही. दाट बसलं होतं. तिने परत फुंकलं, मग तळहात ठेवला आणि पुसलं, कपाळ, मग चेहरा, मग मांडीवरचं मूल, मग डोंगर. शेवटी कोपरापर्यंत करडी झाली. मी मदतीला वाकले तर म्हणाली, “तू नको.”

जाताना पायात चप्पल घालत ती म्हणाली, “दुसऱ्या कुनी सांगितलं असतं तर तुला फोन करून इचारलं असतं मी. तुझे बाबा म्हनले म्हून नाय इचारलं.”

प्रदर्शन पुढे चाललं. आमच्या जागी नुसता करडा चौकोन होता आणि त्यापुढे बाबांच्या अक्षरातली पाटी. ती हलवायचं कुणाच्या मनात आलं नाही. लोक यायचे, पाटी वाचायचे, रिकाम्या जमिनीला नमस्कार करून महाराजांकडे सरकायचे.

घरात आम्ही बोलतो. मीठ दे, लाईट गेली, गॅस बुक केलास का. पत्रकांचा गठ्ठा पलंगामागे आहे, त्या जांभळाच्या झाडाला टेकून. मध्ये एकदा बाबा म्हणाले, “तुला माहीत नाही, फोन कुणाकुणाचे येत होते.” मी म्हणाले, “सांगा ना मग. कुणाकुणाचे? लिहू आपण.” ते अंघोळीला गेले.

मैत्रीण महिनाभर फोन उचलत नव्हती. मग एक दिवस तिचाच आला. “रविवारी ये. माझ्या अंगनात काढू. अंगन माझ्या बापाचं हाय, त्याला कुनी फोन करत नाय.”

हे मी घरी मुद्दाम मोठ्याने सांगितलं. शनिवारी संध्याकाळी बाहेरून आले तर बाबा मोरीत बसून तो जुना प्लायवूडचा फलक फडक्याने पुसत होते. जाळ्या निघाल्या होत्या. अक्षरं अजून लाल होती. “हा घेऊन जा,” ते म्हणाले. “अक्षर चांगलं आहे. उपयोगी पडेल.”

मला तो हवा होता. खोटं कशाला सांगू, मला तो फार हवा होता. मी म्हणाले, “तुमचा आहे तो. तुम्ही घेऊन या. दहिवलीला, सकाळी. उभे राहा त्याच्या बाजूला.”

“बघू,” ते म्हणाले. फलक भिंतीला टेकवून पाणी निथळायला ठेवला.

रविवारी आम्ही अंगण सारवून घेतलं. तिने तीच बाई काढली. चेहरा या वेळी आत्यासारखा नव्हता, कुणासारखाच नव्हता. मागे स्लॅब, सळया. कपाळ भरून झाल्यावर तिने लाल वाटी उचलून मला दिली, “ही तुझ्यापाशी ठेव,” म्हणाली. शेजारच्या बायका कमरेवर हात ठेवून बघत होत्या. एकीने विचारलं, कोण गं ही, आणि मी सांगितलं, कोण, कुठली, कुणी केलं. ती म्हणाली, “असं व्हय.” आणि घरात जाऊन परत आली, बरोबर सासूला घेऊन.

चित्राच्या पुढे तिने फलकाएवढी जागा सोडली होती. मी ती कशासाठी ते विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. रस्त्यावर मिनीडोर थांबली की आम्ही दोघी मान वर करायचो. एकातून गॅसची टाकी उतरली. एकातून दोन कॉलेजची मुलं. एकातून एक म्हातारा उतरला, पांढरा सदरा, काखेत काहीतरी रुंद, सपाट. जवळ आल्यावर बघितलं तर कुणाच्या तरी नव्या घराचा आरसा होता.

ऊन चढलं. तिने हात झटकले आणि माझ्यापुढे पांढऱ्या रंगाची वाटी सरकवली. “लिही आता तूच. जमीन तापली की बसवनार नाय.”

“माझं अक्षर घाण आहे गं.”

“म्हाईत हाय,” ती म्हणाली. “लिही.”

मी खाली बसले आणि चिमूट भरली.